मदत हवी आहे: शेवटच्या वस्तीच्या पाण्याचा विषय ग्रामसभेत कसा मांडायचा?

माळावरची

नमस्कार मंडळी,

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या वस्तीच्या पाण्याचा विषय रीतसर मांडायचा आहे. आजवर तो तोंडी निघाला आणि तोंडीच विरला. ग्रामपंचायतीत काम केलेल्यांनी, सदस्य राहिलेल्यांनी कृपया मार्ग सांगावा.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. गावठाण ओढ्याकाठी, टाकी शाळेमागच्या टेकाडावर आणि आमची वस्ती पलीकडच्या माळावर, दीडेक किलोमीटर लांब. जलजीवन योजनेत घरोघर नळ आले. माणशी रोज 55 लिटर हे त्या योजनेचं माप. गावठाणात दिवसाआड पाणी येतं, आमच्याकडे पाचव्या-सहाव्या दिवशी, तेही करंगळीएवढी धार.

टाकीत पाणी नाही असं नाही. व्हॉल्व्ह सोडला की गावठाणात नळाला टिल्लू मोटर (पाणी ओढणारा छोटा पंप) लागते. एकाने लावली की शेजारच्याचा नळ कोरडा पडतो, मग तोही लावतो. त्या वेळी आमच्या नळाच्या तोंडावर तळहात ठेवला तर पाणी लागत नाही, उलट तळहात आत ओढला जातो. हे मी वस्तीतल्या बायकांना करून दाखवलं, तेव्हा कुठे पाणी नेमकं जातं कुठे ते सगळ्यांच्या ध्यानात आलं.

15 ऑगस्टची ग्रामसभा गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झाली. ती पुन्हा कधी भरली हे वस्तीवर कुणालाच कळलं नाही. नंतर समजलं की तीत गावाच्या कमानीचं आणि चौकातल्या पेव्हर ब्लॉकचं काम मंजूर झालं.

आता अवघड गोष्ट. सरपंच माझे चुलत सासरे. माणूस वाईट नाही, रात्री-अपरात्री कुणाचंही दुखणं आलं तर स्वतःची गाडी काढतात. पण मोटरी ज्यांच्या आहेत त्यांत निम्मी आमचीच भावकी. मला भांडण नको, पाणी हवं आहे. आमच्याकडे सभेत बायका शाळेच्या व्हरांड्यात मागे बसतात, सुनेने उठून बोलायची रीत नाही. मी बचत गटाची अध्यक्ष आहे, त्यामुळे पाठीशी बायका आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरची पाणीपट्टी थकली आहे. "पाणीच नाही तर पट्टी कशाची" म्हणून लोकांनी भरणं सोडलं, आणि आता विषय काढला की "आधी थकबाकी भरा" असं उत्तर मिळतं.

तर विषय विषयपत्रिकेवर येण्यासाठी अर्ज कुणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचा? तहकूब सभेत नवीन काम मंजूर करता येतं का, आणि त्या सभेचं प्रोसिडिंग (इतिवृत्त) आम्हाला बघायला मिळेल का? पाण्याच्या कामाला पैसे नाहीत असं सांगितलं जातं, ते कसं तपासायचं? आणि थकबाकीदाराला ग्रामसभेत बोलता येत नाही हे खरं आहे का?

दप्तरदार

ताई, माझी सगळी नोकरी ग्रामसेवक म्हणून गेली (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), म्हणून दप्तर सांभाळणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्याच धाकाने लोक गप्प बसतात. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. पट्टी थकली म्हणून त्याला बोलण्यापासून अडवता येत नाही. मात्र तुमचं स्वतःचं आणि वस्तीतल्या इतर सुनांचं नाव सासरच्या यादीत आलं आहे का, ते आजच बघा. माहेरच्या यादीत अडकलेली नावं मी खूप पाहिली आहेत.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. म्हणजे तुमचा अर्ज त्याच्याही आधी कार्यालयात पडला पाहिजे. अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या नावे करा, दोन प्रती न्या, आवक नोंदवहीत नोंद करायला लावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घेऊनच बाहेर पडा. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. "सभेत बोला ना, अर्ज कशाला" असं प्रेमाने सांगतील. ऐकू नका. ऐनवेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने येतात आणि वेळ संपली म्हणून सहज राहून जातात. लेखी आलेला विषय तसा सहज टाळता येत नाही.

गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी असेल तो आकडा. तेवढे लोक नसले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. पण तीत मूळ नोटिशीतलेच विषय घ्यायचे असतात. म्हणून 15 ऑगस्टची मूळ नोटीस, दोन्ही सभांची हजेरी आणि प्रोसिडिंग, एवढं बघा. आधी साधेपणाने वही दाखवा म्हणा, बरेचदा दाखवतात. नाही दाखवली तर माहितीच्या अधिकारात अर्ज, शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. मुदतीत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करता येतं. 2 ऑक्टोबरच्या आत हे होईलच असं नाही, तरी अर्ज टाकून ठेवा.

एक सल्ला, पटला तर घ्या. कमान मूळ नोटिशीत नव्हती असं निघालं तरी या सभेत तो मुद्दा काढू नका. कमान आणि पाणी एकाच दिवशी काढलं की सगळी सभा कमानीवर भांडते आणि पाणी बाजूला पडतं. कमानीचा अर्ज नंतर स्वतंत्र करता येईल.

पाणाडी

पाणीपुरवठा योजनांवरच काम करतो. तळहात आत ओढला जातो हे तुम्ही लिहिलंत, ते वाचून काळजी वाटली. याचा अर्थ त्या वेळी लाइनमध्ये दाब उरत नाही, उलट ओढ तयार होते. गावातली पाइपलाइन बरेच ठिकाणी गटाराला लागून किंवा गटारातूनच जाते. तिथला जोड जरा जरी गळत असेल तर एरवी पाणी बाहेर येतं, आणि मोटरी चालू असताना गटारातलं पाणी आत जातं. टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) कितीही नीट टाकली तरी पुढे लाइनमध्ये घाण शिरली तर उपयोग नाही. म्हणजे मोटर लावणारं घरसुद्धा स्वतःच्या हंड्यात गटाराचं पाणी ओढून घेतं. सभेत हा मुद्दा सगळ्यात आधी मांडा. "आम्हाला पाणी मिळत नाही" हे फक्त वस्तीचं दुखणं ठरतं, पण पोरांच्या जुलाबांचा प्रश्न गावठाणालाही आपला वाटेल. जलसुरक्षकाला (गावात पाण्याची शुद्धता बघणारा कर्मचारी) सांगून पाणी सोडायच्या दिवशी वस्तीच्या शेवटच्या नळावर क्लोरीनची ओटी चाचणी करून घ्या, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर पिवळा रंग येतो. रंग आला नाही तर तारीख घालून तसं लिहून घ्या.

उपायाचं म्हणाल तर मोटर जप्तीने सुरुवात करू नका. आधी वेळा वेगळ्या करा. वस्तीच्या फाट्यावर स्वतंत्र व्हॉल्व्ह आहे का? नसेल तर तो बसवणं हे पहिलं काम, आणि ते स्वस्त आहे. मग वस्तीला पहाटे आधी सोडायचं, त्या वेळी गावठाणाचा व्हॉल्व्ह बंद. मोटर कितीही असू दे, बंद लाइनमधून पाणी ओढता येत नाही. काही गावांत पाणी सोडायच्या वेळेत गावठाणाची वीज बंद ठेवतात, पण दळण, दवाखाना, शाळा बघता मला ते पहिल्या पायरीला योग्य वाटत नाही. पुढे प्रत्येक जोडणीवर पाण्याचा प्रवाह ठराविक ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवता येतो. आणि खरा टिकाऊ उपाय म्हणजे वस्तीवर स्वतःची लहान टाकी. तिचा ठराव याच सभेत घेऊन पुढच्या आराखड्यात टाका.

हिशेबही बरोबर न्या. गावची लोकसंख्या 900 धरली तर माणशी 55 लिटरप्रमाणे रोज 49,500 लिटर लागतं. टाकी किती लिटरची आणि दिवसातून किती वेळा भरते, हे विचारून कागदावर मांडा. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. तुम्हाला तेवढं लांब जायची गरज नाही, फक्त टाकीतून निघालेलं पाणी किती आणि वस्तीत पोचलं किती, हे दोन आकडे पुरेत.

पैशाचं: पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचा, होता आणि त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. कमान बंधित निधीतून होत नाही. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गाव निवडलं की मंजूर आराखडा आणि जमाखर्च कुणालाही दिसतो. तिथे पाण्याच्या शीर्षाखाली किती शिल्लक आहे ते बघा, म्हणजे "पैसे नाहीत" यावर बोलता येईल.

खानदेशकन्या

मी एक मुदत सदस्य होते, आणि मीही गावची सूनच. ताई, महिला सभेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती कागदावर होते आणि सह्या घरोघर फिरून घेतात. तुम्ही ती खरोखर भरवायला लावा. बचत गटाच्या सगळ्या बायका न्या आणि पाण्याचा ठराव तिथे करून घ्या. मग ग्रामसभेत तो महिला सभेचा ठराव म्हणून वाचला जातो. एकटी सून चुलत सासऱ्यांसमोर उभी राहिली असं चित्र राहत नाही, आणि व्हरांड्यात बसलेल्या सगळ्या जणींचा आवाज त्यात येतो.

सरपंचांना आधी घरी जाऊन भेटा. सोबत सासूबाईंना न्या. "आप्पा, अर्ज दिलाय, तुमच्याविरुद्ध नाही, तुम्हालाच गावठाणाला सांगायला आधार होईल म्हणून दिलाय" हे त्यांना आधीच कळू द्या. मोटरी बंद करा असं स्वतःच्या भावकीला सांगणं त्यांनाही जड जात असणार. ठराव झाला की त्यांना म्हणता येतं, गावाने ठरवलंय. पण आधी अर्जाची पोच, मग चहा. उलटं केलंत तर अर्ज राहून जाईल.

आणि पट्टीचं दप्तरदारांनी कायद्याचं सांगितलं, मी गावाचं सांगते. जमेल त्यांनी थोडी तरी रक्कम भरून पावती घ्या. हातात पावती असलेल्या बाईला "आधी थकबाकी भरा" म्हणायची कुणाची हिंमत होत नाही.

माळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री वस्तीवर हे सगळं वाचून दाखवलं. मतदार यादी बघितली, दोघींची नावं खरंच माहेरीच आहेत, त्यांचे अर्ज भरायला घेतलेत. फाट्यावर व्हॉल्व्हचा खड्डा आहे, पण आत व्हॉल्व्ह नाही, नुसता पाइप जोडलेला आहे. सासूबाई यायला तयार आहेत.

ठरावाचा मसुदा असा केला आहे, बघून सांगा: "माळावरील वस्तीस नियमित व पुरेसा पाणीपुरवठा व्हावा, तसेच नळास मोटर लावणाऱ्यांवर योग्य ती कार्यवाही करण्यात यावी."

दप्तरदार

असा ठराव एकमताने मंजूर होईल आणि काहीच घडणार नाही. कोणी, काय, कधीपर्यंत आणि कुठल्या पैशातून, हे चारही त्यात बसवा. असं लिहा:

"वस्तीच्या फाट्यावर स्वतंत्र व्हॉल्व्ह बंधित निधीतून 31 ऑक्टोबरपर्यंत बसवावा. वस्तीस एक दिवसाआड पहाटे 5 ते 7 या वेळेत पाणी सोडावे व त्या वेळी गावठाणाचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. पाणी सोडल्याची रोजची नोंदवही ठेवून ती कार्यालयात सर्वांस पाहण्यास ठेवावी. पाणी सोडण्याच्या वेळेत मोटर लावल्याचे आढळल्यास पहिल्या वेळी लेखी समज द्यावी व पुन्हा आढळल्यास नळजोडणी बंद करावी. वस्तीवरील टाकीचे काम पुढील विकास आराखड्यात घ्यावे. अंमलबजावणीचा अहवाल पुढील ग्रामसभेत मांडावा."

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत. सूचक वस्तीतली असू दे, अनुमोदक मात्र गावठाणातला बघा. आणि प्रोसिडिंग त्याच बैठकीत वाचून घ्या, सह्या त्यानंतर.

माळावरची

गावठाणात आमच्या गटातल्या एका ताईंचं घर व्हॉल्व्हपासून सगळ्यात लांब आहे, त्यांनाही पाणी पुरत नाही. अनुमोदक म्हणून त्या तयार झाल्या. अर्ज उद्या देते, पोच मिळाली की इथे कळवते.