चारचाकीचे ऑइल दुचाकीत टाकल्यापासून क्लच घसरतो

प्रश्न (बीड): माझी १५० सीसीची मोटारसायकल ४२,००० किलोमीटर चालली आहे. चुलत्यांच्या कारसाठी आणलेला ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइलचा एक कॅन शिल्लक होता. महागाचे ऑइल वाया कशाला घालवायचे, म्हणून मागच्या महिन्यात मी ते गाडीत टाकले. गावात काही जाणवले नाही. परंतु मांजरसुंब्याचा घाट चढताना, आई मागे बसलेली असताना, ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगाने रेंगाळते. माहितीपुस्तिकेत २०डब्ल्यू-५० दिले आहे. फिटरच्या मते उन्हाळ्यात ऑइल जितके जाड तितके बरे. नेमके कोणते घ्यावे?

उत्तर (लातूर): दोष ऑइलच्या दर्जाचा नसून जागेचा आहे. गिअरच्या कारचा क्लच सहसा इंजिनाबाहेर कोरडा असतो, तर आपल्या मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच प्लेट ही सगळी मंडळी एकाच ऑइलमध्ये बुडालेली असतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असू शकतात, आणि क्लच प्लेटची पकड तर घर्षणावरच अवलंबून! म्हणून कॅनच्या मागे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचे जपानी मानक) आधी शोधावी. ‘एमबी’ हे कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असते. ते घेऊ नये.

उत्तर (नांदेड): फिटरच्या म्हणण्याशी मी सहमत नाही. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा थंड ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती टिकतो ते सांगतो. माझ्या १०० सीसीच्या गाडीला १०डब्ल्यू-३० सांगितलेले असताना मी एका मे महिन्यात २०डब्ल्यू-५० टाकून पाहिले, तेव्हा सकाळची किक जड झाली आणि ॲव्हरेजही उतरले. तुम्ही २०डब्ल्यू-५० जरूर टाका, पण पुस्तिकेत आहे म्हणून, ऊन आहे म्हणून नव्हे. पांदणीच्या फुफाट्यातून रोजचे जाणे-येणे असेल तर एअर फिल्टरही वरचेवर साफ करावा, नाहीतर कितीही भारी ऑइल टाकले तरी मातीने इंजिन झिजतेच.

उत्तर (परभणी): जुने ऑइल काढल्यावर रिकामा कॅन फोडून टाका. तसाच भंगारात गेला तर त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा दुकानात येऊ शकतो.

प्रश्नकर्ता (बीड): इंजिन थोडे गरम करून कारचे ऑइल काढले, ड्रेन नटाचा वॉशर बदलला आणि एमए२ खुणेचे २०डब्ल्यू-५० पुस्तिकेतील मापाने भरले. घसरणे बरेच कमी झाले आहे, तरी चौथ्या गिअरमध्ये चढावर अजून किंचित जाणवते.

उत्तर (लातूर): आधी क्लचच्या लिव्हरला थोडा प्ले (सैलपणा) आहे का ते पाहा, केबल ताणलेली असेल तर प्लेट पूर्ण दाबल्या जात नाहीत. प्ले बरोबर असेल तर दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा ऑइल बदला, कारण प्लेटमध्ये मुरलेले जुने ऑइल एका बदलात निघत नाही. त्यानंतरही घसरत असेल तर क्लच प्लेट उघडून तपासाव्या लागतील; ४२,००० किलोमीटरनंतर त्या झिजल्या असल्या तरी नवल नाही.