पुन्हा: समुपदेशकांच्या यादीबद्दल

काका, नमस्कार.

"परवाना असलेलं कोणीही यादीत चालेल," असं तुम्ही लिहिलंत. मला ते पटलं नाही. माझ्यासोबत रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सची गोष्ट सांगते, त्याला विचारूनच.

तो मनिलाजवळचा, गे आहे, कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीत राहतो. आजूबाजूला सगळी फिलिपिनो वस्ती, भाषा-जेवण कशालाच तोटा नाही. पण झोप उडालेली. शेवटी समुपदेशनाला गेला. पहिल्याच भेटीत प्रश्न आला, घरी सांगितलंस का? तिसऱ्या भेटीत, जे तुला स्वीकारत नाहीत त्यांना दर महिन्याला पैसे कशाला पाठवतोस? पुन्हा तो गेलाच नाही.

काका, त्याच्या घरी लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याकडे 'बाक्ला' हा शब्द आहे. त्यात बायकी वळण आणि पुरुषांची ओढ दोन्ही येतं. त्याच शब्दाने मुलं चिडवतात, आणि मे महिन्यातल्या सांताक्रुझानच्या मिरवणुकीची सजावट करायला गल्ली त्यालाच बोलावते. त्यांच्या कायद्यात समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, आपल्याकडे भारतात सप्टेंबर २०१८ पर्यंत होता. पण घरात ते तोंडाने बोलायचं नाही. बोललं की आईवर 'हिया' येते, म्हणजे चारचौघांतली लाज. आणि पैसे म्हणजे 'उतांग ना लोओब', आई-बापाचं न फिटणारं ऋण. हे तुम्हा-आम्हाला समजावून सांगायला हवं का?

त्याच्या पलंगाशेजारी घरी पाठवायचा खोका असतो. कॉर्न्ड बीफचे डबे, साबण, भाचीचे बूट. जागा वाया जायला नको म्हणून बुटांत मोजे कोंबलेले. खोका भरत असतो तेव्हा त्याला बरं वाटतं, असं तो म्हणतो. ते तोडून टाक म्हणणं म्हणजे उपचार नव्हे. इकडे डेटिंग ॲपवर "आशियाई नकोत" वाचायचं, तिकडे चर्चमध्ये गप्प बसायचं. दुखणं तिथे आहे, त्याबद्दल कोणी विचारलंच नाही.

म्हणून नाव घालण्याआधी प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारणार आहे: घरी पैसे पाठवणारा, घरी न बोललेला मुलगा समोर बसला तर सुरुवात कुठून कराल?

---

ताई,

दोनदा वाचलं. आमच्या मेव्हण्यांचा मुलगा तीन वर्षं मंडळाच्या गणपतीला आलेला नाही. विचारलं कोणी की आम्ही "कामात आहे" सांगतो. खरं कारण मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे की मला माहीत आहे.

यादी तूच कर. त्याआधी मला फोन कर, रात्री ९ नंतर, ही झोपल्यावर.