विमानतळ पार्किंगमधलं चार्जिंग: वेग नको, संख्या हवी

बडोद्याच्या हरणी विमानतळावर तीन-चार दिवस इलेक्ट्रिक गाडी ठेवायची तर डीसी फास्ट चार्जर (बॅटरी झटपट भरणारा मोठा चार्जर) हवाच, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ३० किलोवॉट-तासाची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला १८ युनिट लागतात, ३.३ किलोवॉटच्या साध्या एसी पॉइंटवर (घरच्यासारख्या विजेवर सावकाश चार्ज करणाऱ्या सॉकेटवर) जेमतेम सहा तास. फास्ट चार्जरला लावली तर चार्जिंग उरकल्यावर उरलेले दिवस ती गाडी फास्ट चार्जरची जागा अडवून बसणार! एका ३० किलोवॉटच्या डीसी चार्जरच्या लोडमध्ये असे नऊ पॉइंट चालतात.

खरा घोटाळा अर्थिंगमध्ये, म्हणजे सुरक्षेसाठी जमिनीशी केलेल्या जोडणीत होतो. न्यूट्रल आणि अर्थ या दोन तारांमधलं व्होल्टेज वाढलं की चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. पावसात सॉकेटमध्ये ओल गेली की आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) पडते, आणि ती उचलायला कोणी नसतं. म्हणून गन (चार्जरचा गाडीत लावायचा प्लग) लावून लगेच टर्मिनलकडे पळू नका. दहा मिनिटं थांबा, डॅशबोर्डवर किलोवॉटचा आकडा स्थिर आहे ना बघा, सॉकेटमधल्या प्लगला हात लावा. तो चटका बसण्याइतका गरम लागला तर सॉकेट सैल आहे, दुसरा पॉइंट घ्या. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. मे महिन्यात उघड्या पार्किंगमध्ये शंभर टक्के भरलेली बॅटरी कित्येक दिवस तापत राहणं वाईटच.