कॅच-अपवर भाग धूसर दिसतो, जाहिरातीनंतर अडकतो : दोष नेटचा की ॲपचा?

प्रश्न

वाहिनीच्या ॲपवर टीव्हीत थेट प्रक्षेपण झकास चालतं. कॅच-अपवर (होऊन गेलेले भाग नंतर बघायची सोय) कालचा भाग लावला की मात्र जाहिरात संपल्यावर पडदा काळा राहतो आणि नुसतं चक्र फिरतं. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला तर अडकत नाही, पण चित्र धूसरच, ४८०पीच्या वर जात नाही. शिवाय भाग सुरू होतो तो आधीच्या कार्यक्रमाच्या शेवटापासून. नेट ५० एमबीपीएस आहे आणि स्पीड टेस्टमध्ये तेवढं मिळतंही. नेमकं कुठे बघावं?

उत्तर १

नेटच्या मागे लागू नका. एचडीला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी.

लॅपटॉपवरचं ४८०पी बहुतेक डीआरएममुळे, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या कुलपामुळे असणार. वाइडवाइन या गुगलच्या डीआरएमच्या एल१ पातळीत चित्र चिपच्या सुरक्षित भागात उलगडतं, एल३मध्ये ते काम नुसतं सॉफ्टवेअर करतं. लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये सहसा एल३च असतं आणि अनेक सेवा त्याला एचडी देतच नाहीत. मध्ये जुना एचडीएमआय स्प्लिटर असेल तर तोही काढून बघा, एचडीसीपी (एचडीएमआय जोडणीवरचं नक्कल रोखणारं कुलूप) जुळलं नाही तरी दर्जा उतरतो. पण लॅपटॉपशी झगडण्यापेक्षा टीव्हीतलं ॲपच दुरुस्त करून घेतलेलं बरं.

उत्तर २

जाहिरातीचं सांगतो, खरं दुखणं तिथेच आहे. थेट प्रक्षेपणात बहुधा जाहिराती मूळ चित्रातच मिसळून येतात. कॅच-अपमध्ये प्लेअर अनेकदा त्या वेगळ्या सर्व्हरवरून मागवतो. राउटरवर जाहिराती अडवणारं डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) असेल तर त्या मागणीला उत्तरच मिळत नाही आणि प्लेअर वाट बघत बसतो. लॅपटॉपला स्वतःचं वेगळं डीएनएस असेल तर तो यातून सुटतो. टीव्ही पाच मिनिटं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून तोच भाग बघा. अडकला नाही तर दोष राउटरवरच्या अडवायच्या नावांच्या यादीचा.

तिथेही अडकला तर सांध्याचा घोळ समजा. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो (एचएलएस या ॲपलच्या व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतीसाठी ॲपलची शिफारस ६ सेकंदांची आहे). जाहिरात संपून कार्यक्रम सुरू होतो तिथे वेळेचे शिक्के बदलतात, कधी रिझोल्युशनही बदलतं. जुन्या टीव्हीचा डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) नेमका तिथे अडखळतो. १५ सेकंद पुढे किंवा मागे सरकवलं की बफर (आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ) रिकामा होऊन गाडी पुढे जाते. कायमचा उपाय म्हणून आधी ॲपची कॅशे साफ करा, मग अपडेट करा. ॲप काढून पुन्हा टाकणं अगदी शेवटी, कारण लॉगिन पुन्हा करावं लागतं.

उत्तर ३

सुरुवात चुकण्यात तुमच्या टीव्हीचा काही दोष नाही. पहिली प्रत अनेकदा थेट प्रक्षेपणातून वेळापत्रकाप्रमाणे आपोआप कापलेली असते. आधीचा कार्यक्रम लांबला की काप चुकतो. पुढे बऱ्याचदा मूळ फाइलवरून नीट कापलेली प्रत चढते, तेव्हा घाई नसेल तर थोडं थांबून बघा.

भाग किती दिवस राहणार हेही तपासत जा. ते हक्कांच्या करारावर ठरतं. बीबीसीची कॅच-अप सेवा आयप्लेअर २००७मध्ये नाताळच्या दिवशी सुरू झाली तेव्हा बहुतेक कार्यक्रम ७ दिवसच मिळत, ३० दिवसांची मुदत २०१४मध्ये आली. डाउनलोड केलेल्या भागाच्या परवान्यालाही मुदत असते, त्यामुळे फाइल यंत्रात असूनही ती चालेनाशी होते.

प्रश्नकर्ता

हॉटस्पॉटवर टीव्हीत अडकत नाही! म्हणजे राउटरची यादीच. सगळी अडवणूक बंद न करता मार्ग आहे का?

उत्तर २

आहे. अडवणाऱ्या सॉफ्टवेअरची नोंदवही (लॉग) लॅपटॉपवर उघडी ठेवा आणि टीव्हीवर भाग लावा. पडदा काळा होईल त्या क्षणी टीव्हीच्या आयपीसमोर (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) सर्व्हरची जी नावं अडवलेली दिसतील, तेवढीच लिहून घ्या. एकेक नाव मोकळं करून, टीव्ही बंद-चालू करून बघा. ज्या नावाने काम होतं ते फक्त टीव्हीच्या आयपीपुरतं मोकळं ठेवा, बाकी यादी आहे तशी राहू द्या. टीव्हीला राउटरमध्ये कायमचा आयपी देऊन ठेवा, नाहीतर तो बदलला की ही सवलत भलत्याच यंत्राला लागू होईल.