फेससाठी दोन रात्री ठेवाच

तुमच्या मोरोक्को सहलीच्या आराखड्यात फेस शहराला एकच दिवस दिसतोय आणि तोही शुक्रवार. तो दिवस कृपया बदला. शुक्रवारी जुन्या शहरातली बरीचशी दुकानं बंद असतात, आणि फेस एल-बालीची, म्हणजे या जुन्या शहराची, खरी मजा तिथल्या चालू बाजारातच आहे. जमलं तर दोन रात्री राहा, त्याही जुन्या शहरातल्याच एखाद्या रियादमध्ये, म्हणजे अंगणाभोवती बांधलेल्या पारंपरिक घरातल्या निवासात. माराकेशचा एक दिवस कमी झाला तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळी लवकर बाब बूजलूदच्या निळ्या कमानीतून आत शिरा. तिथून तला केबीरा हा रस्ता उताराने थेट करावियिन मशिदीपर्यंत जातो. वाटेत बू इनानिया मदरसा लागतो. चौदाव्या शतकातलं तिथलं देवदाराचं कोरीवकाम आणि भिंतींवरच्या झेलीज फरशा घाईने बघू नका. करावियिन मशिदीची स्थापना ८५९ सालची. बिगरमुस्लिमांना आत प्रवेश नाही, पण दारातून अंगण दिसतं. शेजारचा अत्तारीन मदरसा मात्र आतून बघता येतो.

मागून 'बालाक!' अशी हाक आली की लगेच भिंतीला चिकटून उभं राहा, सामानाने लादलेलं खेचर येत असतं.

शुआरातल्या चामडं कमावण्याच्या हौदांकडे दुकानांच्या गच्चीवरून बघायचं. चुना आणि कबुतरांची विष्ठा यांचा वास सहन व्हावा म्हणून हातात पुदिना देतात. नंतर खरेदीचा आग्रह होतो, तेव्हा निःसंकोच नाही म्हणा.

आईंना गुडघेदुखी आहे म्हणालात, तर परतीचा चढ टाळा. रसीफ चौकातून टॅक्सी मिळते.