वकिलाच्या हलगर्जीपणाची किंमत पक्षकारानेच का मोजायची?

कोयनाकाठ

माझ्या आत्याचा वाटणीचा दावा सातारा जिल्ह्यातल्या एका दिवाणी कोर्टात चालू होता. तो काढून टाकल्याचं आम्हाला ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर कळलं. वादी गैरहजर, वकील गैरहजर, दावा डिसमिस. वकिलांना फोन केला की "पुढची तारीख पडलीय, तुम्ही यायची गरज नाही" एवढंच ऐकायला मिळायचं. तारखेचे पैसे मात्र त्यांचा कारकून न चुकता घ्यायचा, आणि पावती मागितली की तोंड वाकडं करायचा.

निकाल विरोधात गेला असता तर आम्ही अपील केलं असतं. इथे आत्याचं म्हणणं कोर्टाने ऐकलेलंच नाही. आणि ग्राहक आयोगाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी बंद केलाय. न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये नेमकं उलट सांगितलं होतं.

मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. ग्राहक आयोगात साधा माणूस स्वतः उभा राहू शकतो, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फीसुद्धा नाही. वकिलाविरुद्ध दिवाणी दावा लावायला आधी दुसरा वकील शोधावा लागतो.

अ‍ॅड_मिरजकर

ताई, तुमच्या आत्यांच्या बाबतीत झालं ते चूकच. पण त्यावरून २०२४ चा निकाल चुकीचा ठरत नाही.

प्रत्येक दाव्यात एक पक्ष हरतो. हरलेला प्रत्येक पक्षकार ग्राहक आयोगात गेला, तर साक्षीदाराला अमुक प्रश्न का विचारला नाही, तमुक कागद का दाखल केला नाही, यावर आयोग मूळ दावाच पुन्हा चालवत बसेल. आमचं पहिलं कर्तव्य न्यायालयाशी असतं. खोटं शपथपत्र करून द्या म्हणणाऱ्या पक्षकाराला नकार देणं हाही आमच्या कामाचा भाग आहे, आणि उद्या तोच माणूस "सेवेत त्रुटी" म्हणून उभा राहील.

पक्षकारही कमी नसतात. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलेलं असतं, ते आमच्यापासून लपवतात, आणि उलटतपासणीत समोरचा वकील नोंदवलेला दस्त काढून दाखवतो तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळतं. हरल्यावर दोष कुणाचा? वकिलाचा! तालुक्याच्या कोर्टात दिवसदिवस उभं राहायचं, न्यायाधीश रजेवर असले की रिकाम्या हाताने परत. तारखा लांबतात त्या काही आमच्यामुळे नाही.

रोजनामा

@अ‍ॅड_मिरजकर, हाच युक्तिवाद डॉक्टरांनीही केला होता. रोगी दगावतात, शरीर डॉक्टरच्या हातात नसतं. तरी १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. म्हणून रोगी दगावलेला प्रत्येक डॉक्टर दोषी ठरतो का? नाही. निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि बहुतेकदा तो करणं अवघड जातं.

आणि २०२४ चा निकाल ज्या तक्रारीतून आला ती तरी बघा. चेक न वटल्याच्या खटल्यात समोरच्याने पैसे द्यायचं कबूल केलं. २०,००० चा डीडी आणि ५,००० चा चेक वकिलाच्या हाती आला, तो पक्षकाराला वेळेवर दिला नाही, अशी ती तक्रार. यात उलटतपासणी नाही, कायद्याचा अर्थ नाही, न्यायालयाप्रति कर्तव्य नाही. दुसऱ्याचे पैसे पोचते करणं एवढाच प्रश्न. कोर्टातला युक्तिवाद आणि ऑफिसातला व्यवहार वेगळे करता आले असते. न्यायालयाने सगळ्यालाच कुलूप लावलं, हे मला पटत नाही.

अ‍ॅड_मिरजकर

डॉक्टरच्या समोर रोग असतो. तुमच्या रोग्याला मारण्यासाठी फी घेतलेला दुसरा डॉक्टर खोलीत नसतो. आमच्याकडे असतो, आणि त्याने तसं करणं कायदेशीर आहे. म्हणून तुलना चालत नाही.

कुलूप कुठे लावलंय? लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्ट १९२६ च्या कलम ५ प्रमाणे वकिलावर निष्काळजीपणाबद्दल दावा लावता येतो. शिवाय अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली वकिलांवर देखरेख करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, निलंबित होते, रद्दही होते. आमच्या दृष्टीने यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

कोयनाकाठ

वकीलसाहेब, सनद गेल्याने आत्याला काय मिळणार? शिस्तपालन समितीतले तिघेही वकीलच. ताकीद, निलंबन, नाव काढणं, एवढंच समितीच्या हातात. पक्षकाराचं नुकसान भरून द्या असा हुकूम या कलमात नाही. एका वर्षात निर्णय झाला नाही तर प्रकरण दिल्लीला भारतीय बार कौन्सिलकडे जातं. सत्तरीच्या विधवा बाईने पाटण तालुक्यातून दिल्ली गाठायची?

शाहूपुरी

मी दोघांच्या मध्ये पडत नाही, एक महत्त्वाची गोष्ट सांगते, कारण फसलेले बरेच जण इथेच अडतात. "आधी राहिलेली फी द्या, मग फाइल" हे वकिलाला म्हणता येत नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. ते मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेचे कायदा सल्लागार होते, थकलेल्या फीसाठी त्यांनी फाइली अडवल्या. न्यायालयाने तो गैरवर्तणुकीचा भाग ठरवला. फीसाठी स्वतंत्र दावा लावा, कागद पक्षकाराचे आहेत.

वकील बदलताना जुन्या वकिलाची ना हरकत लागते आणि ती मिळत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं कुढत बसतात. कोर्टाला अर्ज देऊन परवानगी मागता येते.

गावकुस

माझं मत वकीलसाहेबांच्या बाजूने. आमच्या वडिलांचा मनाई हुकमाचा दावा एका वकिलांनी जिल्हा कोर्टापर्यंत अल्प पैशात चालवला. प्रत्येक तारखेनंतर संध्याकाळी स्वतः फोन करून काय झालं ते सांगायचे. अशा माणसांवर ग्राहक खटल्याची तलवार टांगली तर ते गरिबाचं वकीलपत्र घ्यायलाच कचरतील. आधीच लहान गावात चांगला दिवाणी वकील मिळणं मुश्किल झालंय.

रोजनामा

@गावकुस, तुमच्या वडिलांच्या वकिलांना कसलीच भीती नसती! जो दर तारखेला फोन करतो त्याच्याविरुद्ध "मला अंधारात ठेवलं" ही तक्रार टिकणारच नाही. लोकांचा राग हरण्यापेक्षा न सांगण्यावर असतो. दावा डिसमिस झाल्याचं पक्षकाराला अ‍ॅपवरून कळणं, यात न्यायाधीशाची रजा कुठे आली?

अ‍ॅड_मिरजकर

हे मान्य. न कळवणं अक्षम्य आहे. बारने दर तारखेला लेखी कळवण्याचा नियम करावा, फीची पावती सक्तीची करावी, मी त्याला पाठिंबा देईन. ग्राहक आयोगाला मात्र माझा विरोध कायम.

कोयनाकाठ ताई, वाद बाजूला ठेवून आधी रोजनाम्याची (दर तारखेला काय झालं त्याच्या कोर्टातल्या नोंदीची) आणि डिसमिसच्या हुकमाची नक्कल काढा. दावा फेरदाखल करण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल ९ खाली, डिसमिसच्या तारखेपासून ३० दिवसांत द्यायचा असतो. मुदत उलटली असेल तर सोबत विलंबमाफीचा अर्ज. १९८१ च्या रफीक विरुद्ध मुन्शीलाल निकालाचा आधार घ्या. वकील हजर राहिला नाही म्हणून पक्षकाराला शिक्षा नको, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकलेलं अपील पुन्हा चालवायला लावलं आणि खर्च त्या गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितला. समोरचे सलील दत्ता प्रकरणातला १९९३ चा निकाल दाखवतील. तिथे वकिलावर ढकलणं चाललं नाही, पण तो पक्षकार एक कंपनी होती. आत्यांचं वय, शिक्षण, आणि वकिलाने "यायची गरज नाही" म्हटल्याचा पुरावा, यावर सगळं अवलंबून आहे.

कोयनाकाठ

मेसेज जपून ठेवलेत, "गरज नाही" लिहिलेलेसुद्धा. नकलेचा अर्ज सोमवारी देते. फेरदाखलीच्या अर्जाला तालुक्याच्या बारमधलं (वकील संघटनेतलं) कुणी तयार होईना, त्या वकिलाविरुद्ध नाव नको म्हणतात. कराडच्या एका बाईंनी कागद बघते म्हटलंय. कलम ३५ ची तक्रारही देणार आहे, आत्याच्या सहीने.