घोड्यांसाठी खंडानं घेतलेलं सामाईक रान: वाटा डोक्यावर की दिवसांवर?

घोडनदी

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाचा निकाल आला. तेव्हापासून शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाड्यापुढे पळणारी घोडी पुन्हा दारोदारी दिसू लागली आहे. घोडी आली, पण तिला मोकळं सोडायला रान राहिलंय कुठं? पाणी आलं तिथं ऊस आणि कांदा आला, रस्ता आला तिथं प्लॉटिंग. म्हणून तिघंचौघं मिळून एखादा पडीक माळ वर्षाच्या खंडानं घेतात आणि पहिल्याच दिवाळीला भांडायला लागतात.

शेजारच्या गावातलं ताजं प्रकरण सांगतो. बारा एकर माळ, भागीदार चार. दोघांकडे शर्यतीची एकेक घोडी. तिसऱ्याकडे वरातीच्या तीन. चौथ्याकडे पाजती घोडी, तिचं शिंगरू आणि हौसेनं पाळलेला एक घोडा. खंडाचे चार सारखे वाटे. शर्यतवाले म्हणतात, त्याच्या तीन आणि आमची एक, मग पैसे सारखे कसे? वरातवाला म्हणतो, तुळशीचं लग्न लागलं की माझ्या घोड्या रानात असतातच किती दिवस? चौथा शिंगरू मोजायलाच तयार नाही. कार्तिक संपेपर्यंत माळ बोडका झाला. एका सकाळी एकानं वरातीची घोडी फाटकाबाहेर हुसकली. तिनं बिथरून काटेरी तारेवर उडी घेतली आणि मागच्या पायाचं कातडं गुडघ्यापासून खाली सोललं गेलं. आता चौघांचं बोलणं बंद आहे, आणि जनावर पाय उचलून उभं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. सारखे वाटे बंद करा आणि नुसती डोकीही मोजू नका, हिशोब चरण्याच्या दिवसांवर ठेवा. घोडं दिवसाला वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के सुका चारा खातं. तीनशे किलोची घोडी म्हणजे सहा ते साडेसात किलो. पाजती घोडी त्याहून बरंच जास्त खाते, तिला दीड धरा. दूध पिणारं शिंगरू आईतच धरा, दूध तुटलं की अर्धं. फाटकाजवळ पत्र्याच्या डब्यात वही ठेवायची. घोडं आत आलं की तारीख, बाहेर गेलं की तारीख. महिन्याला बेरीज. आणि हे सगळं कागदावर, चौघांच्या आणि रानमालकाच्या सहीनं.

पाबळरोड

वही मान्य, पण सगळा खंड दिवसांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. मालक बारा महिन्यांचे पैसे घेतो. तार, पाण्याची टाकी, राखणदाराची मजुरी हे कुणाची घोडी रानात आहे की मांडवात, हे बघून थांबत नाही. वरातवाला सहा महिने बाहेर राहिला तरी त्याची जागा राखलेली असतेच ना? मृग बरसला की तो तिन्ही घोड्या घेऊन हक्कानं परत येणार. त्या राखलेल्या जागेचे पैसे त्यानं द्यायलाच हवेत. निम्मा खंड जागेचा म्हणून प्रत्येकानं ठरवलेल्या घोड्यांच्या संख्येवर भरावा, आगाऊ. उरलेला निम्मा दिवसांवर. नाहीतर सगळ्यांनाच घोडी बाहेर दाखवायची सवय लागेल आणि तुमची वही हेच नवं भांडण होईल.

बांधावरचा

मी रान देणारा आहे, म्हणून माझी बाजूही ऐका. मी सही करणार नाही. माझ्या आजोबांचा दोन ठिकाणचा जमिनीचा तुकडा कुळाकडे गेला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन आमच्या घरात कुणाला आठवून द्यावा लागत नाही. ज्यानं कसली त्याला मिळाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण उरलंय ते मी जपणार. तुम्ही म्हणाल घोडं चारणं म्हणजे शेती थोडीच? १९४८ च्या कुळकायद्यात शेतीची जी व्याख्या आहे त्यात गवत पिकवणंही येतं. मग पुढं कुणी पीकपाहणीत स्वतःचं नाव लावायचा प्रयत्न केला तर मी हेलपाटे घालायचे का?

म्हणून मी रान देत नाही, उभं गवत विकतो. पाडव्याला सौदा, पावती गवताची, ताबा माझा. कुळकायदा राहू द्या, पण असा भांडखोर गट बघितला की गवतसुद्धा द्यावंसं वाटत नाही.

घोडनदी

@बांधावरचा, तुमची भीती खरी आहे आणि तिच्यावर फुंकर घालून ती जाणार नाही. मग मालकाशी गवताची पावती, आणि चौघांचा आपापसातला वेगळा कागद, असं करू. त्या कागदात जमिनीचा हक्क नाही, फक्त कुणाची किती घोडी आणि कुणी किती भरायचे एवढंच. पण तोंडी सौद्यावर मी येणार नाही. तोंडी सौद्यातच "शिंगरू मोजायचं ठरलं नव्हतं" हे वाक्य जन्माला येतं.

@पाबळरोड, निम्मं-निम्मं मला पटत नाही. जागा राखणं म्हणजे गवत राखणं असेल तर ठीक, पण इथं कुणीच काही राखत नाही. तो बाहेर असताना त्याच्या वाट्याचं गवत बाकीच्यांची घोडी खातात. ज्यानं खाल्लं त्यानं भरावं. तार आणि पाण्याचा खर्च वेगळा काढा, तो सारखा वाटा, त्याला माझी हरकत नाही.

वाड्यावरचा

आम्ही मेंढरांमागे फिरणारी माणसं. आमच्या वाड्यावरची, म्हणजे मुक्कामाच्या तळावरची, घोडी भीमथडी जातीची, लहानखुरी, वर बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं आणि कधी लहान पोरंही. कोकणात उतरताना आणि परत चढताना किती जणांच्या रानातून जातो, कागद एकही नाही. पण वाड्याला एक कारभारी असतो. कुठं बसायचं, किती रात्री बसायचं, हे तोच बोलतो आणि त्यानं बोललेलं सगळ्यांवर बांधील. तुमच्या माळावर चौघं आहेत आणि चौघंही कारभारी आहेत. वही कितीही नीट लिहा, शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलं नाही तर पुन्हा तेच.

दुसरं, आणि हे मला जास्त खटकतं. सगळे वाट्यावर भांडताय, गवताकडं कुणी बघितलं का? घोड्याला पुढचे दात वरही असतात आणि खालीही. गाय जिभेनं ओढून खाते, घोडं मुळाशी कुरतडतं. आषाढात कोंब वर येतोय तोवर सात-आठ घोडी सोडली तर दिवाळीला रान उरेल कसं? अर्धं रान पोळ्यापर्यंत बंद ठेवा. मारवेल आणि पवना ही चांगली गवतं वाढू द्या. कुसळी गवत मात्र निसवायच्या आत चारून घ्या, नाहीतर आश्विनात कुसळं हिरड्यांत आणि ओठांत रुततात, घोडं चंदीसुद्धा खात नाही. उरलेलं गवत कापून गंज लावा. गवत पुरलं असतं तर यातली निम्मी भांडणं झालीच नसती.

पाबळरोड

अर्धं रान बंद ठेवायचं म्हणजे आषाढ-श्रावणात घोडी बांधून विकतचा चारा घालायचा. ज्याची एकच घोडी आहे त्याला जमेल. तीन घोड्यांवर पोट असलेल्या माणसाला तोच काळ बिनकमाईचा असतो. नियम कागदावर सगळ्यांना सारखा आणि भार एकावर, असं नको.

वाड्यावरचा

मग त्याचा खंड पावसाळ्यात कमी करा. पण रान बंद ठेवा.

लाळ्याखुरकूत

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. सात-आठ घोडी एका माळावर बारमाही म्हणजे लीद आणि जंत. घोडं स्वतः लीद टाकतं त्या जागेचं गवत खात नाही, म्हणजे बारा एकरांतलं खाण्याजोगं रान महिन्यागणिक आक्रसतं. आठवड्यातून दोनदा लीद उचला, पाळी लावून. डॉक्टरांना विचारून जंताचं औषध सगळ्यांनी एकाच दिवशी द्या. एकानं दिलं आणि तिघांनी नाही दिलं, तर त्या एकाचे पैसे बरेचसे पाण्यात गेले.

आणि बाहेरून आणलेलं नवं घोडं सरळ कळपात सोडू नका. सारंगखेड्याच्या बाजारातून आणा नाहीतर पाहुण्याकडून, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून घ्या आणि दोन-तीन आठवडे लांब बांधा. हा रोग जनावरांच्या २००९ च्या साथरोग कायद्याखाली येतो, माणसालाही होतो, आणि जनावर बाधित निघालं तर त्याला मारण्यावाचून मार्ग राहत नाही. ही अट वाट्याच्या भांडणापेक्षा मोठी आहे.

पाटसकर

जखमी घोडीच्या प्रकरणात त्या शर्यतवाल्याची बाजू कुणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. वारंवार सांगूनही ठरल्यापेक्षा जास्त जनावरं आत येत असतील तर माणूस काय करणार? फाटकाबाहेर काढण्याऐवजी सरळ कोंडवाड्यात घालायला हवी होती. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमण कायद्यात घोडी, तट्टं, शिंगरं सगळी येतात.

घोडनदी

कायदा बरोबर सांगितलात, लागू मात्र चुकीच्या ठिकाणी केलात. तो दुसऱ्याच्या रानात घुसून नुकसान करणाऱ्या जनावरासाठी आहे. इथं घोडीचा धनी स्वतः भागीदार आहे, त्यानं खंड भरलाय, आणि तिथं तिन्ही घोड्या येणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. हिशोब माणसाशी असतो. जनावराला ना वाटा कळतो ना थकबाकी, त्याच्यावर राग काढणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. टाक्यांचा आणि औषधाचा खर्च हुसकणाऱ्यानं द्यावा. आणि काटेरी तार काढून झटका मशीन, म्हणजे सौम्य विजेचं कुंपण, बसवावं, तो खर्च चौघांचा.

पाटसकर

झटका मशीन मान्य. खर्च एकट्यावर मान्य नाही. निदान तंटामुक्ती समितीपुढं दोघांना बसवा. २००७ पासून गावोगाव समित्या आहेत त्या कशासाठी?

पाबळरोड

चौघं तीन गावांतले आहेत, कुठल्या गावची समिती? त्यापेक्षा चौघांना मान्य असा एक बाहेरचा माणूस आधीच कागदात लिहा. नालबंद घ्या. तो सगळ्यांकडे जातो, कुणाचं घोडं किती आणि कसं हे त्याला माहीत असतं. वाड्यावरचे दादा म्हणतात तो शेवटचा शब्द त्याला द्या.

वाड्यावरचा

नालबंद चालेल. पण त्यानं आधी गवत बघावं, मग वही.

बांधावरचा

एवढं सगळं वाचल्यावर माझी एक अट वाढवतो. पाडव्याला गवताचा सौदा करायला याल तेव्हा माळावर जास्तीत जास्त किती घोडी येणार तो आकडा घेऊन या. तोच पावतीवर लिहीन. त्याच्यावर एक जरी दिसलं तर पुढच्या साली गवत दुसऱ्याला. आणि मोकळा घोडा माद्यांमध्ये सोडणार असाल तर येऊच नका, त्याला वेगळं बांधायची सोय तुमची तुम्ही करा.